परक्या नावाखालचा आवाज

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचेल, राग पोचणार नाही, आणि आजची गोष्ट रागाची आहे. देवाच्या दारात रागाची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. खांब फोडून नरसिंह आला तो काय हसत हसत आला होता? तर मोबाईल गप्प करा, पोरांना मांडीवर घ्या. गोष्ट आपल्या इथलीच सांगतो, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरची. पण तिच्यात दोन भाषा अशा येतील, की एक तुम्ही एमआयडीसीच्या गेटावर कधीतरी ऐकली असेल, आणि दुसरी जन्मात ऐकली नसेल.

हेंद्रेपाड्यातली आपली कुंदा तुम्हाला ठाऊक आहे. सप्ताहात बायकांच्या रांगेत पहिला टाळ तिचा. पखवाज अर्ध्या मात्रेने मागे पडला तरी हिची मान वळायची, आणि पखवाजवाला घाबरून सावरायचा. तिच्या या कानालाच नोकरी लागली होती. नवऱ्याची कंपनी बंद पडली, घर कसं चालायचं हा प्रश्न आला, तेव्हा गल्लीतला सुजित म्हणाला, "मावशी, तू माझ्या ऑफिसात ये. तुला फक्त ऐकायचंय."

सुजितचं ऑफिस अंबरनाथला, एका मिठाईच्या दुकानावर. दोन खोल्या. एका खोलीच्या भिंतींना स्पंज चिकटवलेला, तिथे माणसं बसून समोरच्या ओळी वाचायची, आणि त्यांचा आवाज यंत्रांना भाषा शिकवायला जायचा. दुसऱ्या खोलीत कुंदा कानाला हेडफोन लावून बसायची. कोण खोकलं, कुणी शब्द गिळला, खालून रिक्षाचा हॉर्न आला, की नापास. स्वच्छ असेल तर पास. कंपनीचा नियमच होता, ऐकणाऱ्याने पास केल्याशिवाय ओळ पुढे जायची नाही, आणि नापास झालेली ओळ पुन्हा वाचूनच द्यायची. तिचा अंगठा लागल्याशिवाय पास-नापासचं पान उघडायचंसुद्धा नाही.

एक दिवस सुजित उड्या मारतच आला. "मावशी, बेंगलोरची पार्टी! ओडिया आणि उइगुर. सेम टू सेम ओळी, दोन्ही भाषांत. त्यांचं मशीन दोघींची तुलना करणार."

"ओडिया कळलं. ते दुसरं काय म्हणालास?"

"उइगुर. मला पण बघायला लागलं. चीनच्या त्या टोकाला, वाळवंटाकडे बोलतात."

"मग तिथला माणूस अंबरनाथला कुठून आणशील रे?"

"बघू. आधी ओडिया तर उरकू," सुजित म्हणाला. "अट एकच आहे, दोन्ही जोडीने दिल्या तर घेणार. एकटी ओडिया चालत नाही, एकटी उइगुर चालत नाही."

ओडियासाठी भगवान बेहेरा आला. ओडिशातल्या गंजामकडचा माणूस, इथे एमआयडीसीत मशीनवर, राहायला चिखलोलीत चौघांच्या खोलीत. शिफ्ट संपवून यायचा, खालच्या नळावर चूळ भरायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि मगच स्पंजच्या खोलीत पाऊल टाकायचा. चप्पल बाहेर. सुजित हसायचा, "भगवान, मंदिर नहीं है ये." भगवान म्हणायचा, "मेरा भाषा है ना, साहब." मेरा भाषा. हिंदीत त्याचं 'मेरा-मेरी' कायम चुकायचं, आणि कारखान्यात त्यावरून त्याची रोज टर उडायची.

कुंदाने एकदा विचारलं, "तुमच्याकडे तो आणि ती नाहीत का हो?"

"नहीं ना, मावशी. आदमी हो, औरत हो, हमारे में 'से' बोलता है. भगवान ने सबको एक बनाया, हिंदीवाले ने अलग किया." आणि स्वतःच्याच नावावर तो खो खो हसला.

कुंदाला त्याची भाषा आवडायला लागली. शब्दाचं शेवटचं अक्षर ओडियात मरत नाही. आपण 'राम' म्हणून ओठ मिटतो, भगवान म्हणताना शेवटचा अ उघडा ठेवायचा, जसा कीर्तनात चरण संपताना सूर सोडत नाहीत तसा. स्वतःहून ओळी पुन्हा वाचायचा. "ये वाला ठीक नहीं हुआ. मेरा माँ सुनेगा तो हँसेगा." उद्या फोन उचलला की आतून गंजामची ओडिया बोलेल, तिच्यात आपला आवाज असेल, आपली पोरगी ती ऐकेल, एवढंच त्या माणसाच्या मनात होतं.

उइगुरच्या ओळी आल्या त्या दिवशी सुजितने पडदा बघितला आणि टाळीच वाजवली. "मावशी, ही तर आपल्या कॅम्प तीनची लिपी! उजवीकडून डावीकडे. सिंधी म्हातारे हेच वाचतात!"

बघा, ही चूक करायला माणूस आपल्याच भागातला लागतो. दुसरीकडच्या माणसाला ही अक्षरं बघून उर्दू आठवली असती. आपल्याला आठवली उल्हासनगरची जुनी दुकानं, दुकानाच्या पाटीवरचं जुनं सिंधी.

दुसऱ्याच दिवशी त्याने दादा हासानंदांना आणलं. ऐंशीच्या पुढचे, पांढराशुभ्र लेंगा-सदरा, कॅम्प तीनमध्ये सिंधी शाळेत मास्तर होते. होते म्हणजे, शाळा होती तोवर. शेवटी वर्गात पोरं कमी आणि बाकं जास्त अशी गत झाली, मग शाळेवर इंग्रजी नाव चढलं. त्यांचा नातू त्यांचं पुस्तक बघून विचारायचा, "दादा, ये उर्दू है क्या?" असल्या माणसाला सुजितने सांगितलं, "दादा, तुमची अक्षरं आता कोण वाचतो? मला तुमच्यासारखा माणूस पाहिजे." म्हातारा दोन बस बदलून आला. कुणीतरी अक्षरांसाठी बोलावलंय म्हणून आला.

पहिली ओळ वाचून ते थांबले. काचेतून बाहेर बघत म्हणाले, "पुट, बेटा, ये सिंधी नहीं है. अक्षर मेरे हैं, बात मेरी नहीं."

"माहितीये दादा," सुजित म्हणाला. "ये सिर्फ ट्रायल है. असली आदमी बाद में आएगा, सब ठीक करेगा. आप रास्ता बना दो."

दादांनी मान हलवली आणि वाचायला लागले. मास्तरांचं वाचन, खणखणीत, एक अक्षर गिळणार नाहीत. आवाजाच्या हिशोबाने सगळं पास होण्याजोगं.

आता कंपनीने नमुना म्हणून काही उइगुर ओळी आधीच पाठवल्या होत्या, एका बाईच्या आवाजात. त्या भाषेतलीच बाई. कुंदाने एका कानाला भगवान, दुसऱ्या कानाला ती बाई, असे दोन्ही आवाज लावून बघितले. ओळींच्या शेजारी हिंदीत अर्थ लिहिलेला असायचा. 'माझ्या आईने दार उघडलं.' भगवान म्हणायचा, 'मो मा कबाट खोलिला.' ती बाई म्हणायची, 'आनाम इशिकनी आच्ती.' दोन्हींत उघडणं शेवटी, आपल्यासारखंच. पण भगवानची 'माझी' आईच्या पुढे येऊन उभी राहते, आणि त्या बाईची 'माझी' आईच्या मागे, पदराला धरलेल्या लेकरासारखी चिकटते. तो आणि ती तिथेही नाहीत, दोघांना मिळून एकच 'उ'. कुंदाला गंमत वाटली. इतक्या लांबच्या दोघी, आणि या एका बाबतीत सख्ख्या.

मग तिने आणखी ऐकलं. घोडे म्हणायचे तर बाई म्हणते 'आतलार', घरं म्हणायची तर 'ओयलेर'. शब्दाच्या तोंडी जो सूर लागला, शेपूट त्याच सुराचं होतं. अख्खा शब्द एका पट्टीत. टाळकरी बाईच्या कानातून हे सुटतंय होय! आणि मग दादांचं तेच: 'ऊयलहर.' पट्टी मोडली. जिथे ती बाई 'ए' म्हणते तिथे दादांना सिंधी 'ह' दिसतो, कारण अक्षर दिसायला तेच. ओळीमागून ओळ, खणखणीत आवाजात, मोडलेली.

कुंदा उठून सुजितच्या टेबलाशी गेली. "हे चुकीचं आहे रे. ही ट्रायल असेल तर वेगळी ठेव. तो खरा माणूस येणार कधी?"

सुजित मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "येणार नाही, मावशी. हेच पाठवायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? आवाज क्लिअर आहे ना? तू पास कर. बाकी माझं टेन्शन."

"त्या भाषेचं माणूस ऐकेल आणि थुंकेल रे तोंडावर."

तेव्हा तो हसला. अहो, हसला. म्हणाला, "कोण ऐकणार? तिकडे सरकारची एवढी पाळत आहे, की बाहेर पडलेले लोक घरी फोन लावायलाही घाबरतात. त्यातला कोण अंबरनाथला येऊन माझी कॉलर धरणार आहे? ओडियात असं केलं असतं ना, तर भगवानच्या रूमवरच्या चौघांनी मला खाली फेकलं असतं. म्हणून ओडिया खरं घेतलं. हे लोक कुठे आहेत?"

त्या क्षणी कुंदाच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या, असं तिनेच मला सांगितलं. चूक झाली म्हणून माणूस चिडतो आणि विसरतो. हा तर हिशोब करून बसला होता, की ज्याला ओरडता येत नाही त्याचं घर फोडावं.

तुम्ही कीर्तन ऐकणारी माणसं, तुम्हाला नाममुद्रा समजावून सांगायला नको. अभंगाच्या शेवटच्या चरणात ज्याचं नाव, अभंग त्याचा. गाणारा कितीही मोठा असो, ते नाव बदलत नाही, खात नाही. कुंदाचा बाप सदू, चामटोलीचा शेतकरी, वीणा घेऊन उभा राहायचा. एकदा बाहेरून आलेल्या एका बुवाने संताच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालून चरण म्हटला. सदूने तिथल्या तिथे वीणेवर पंजा ठेवला. बुवा म्हणाला, "काय झालं, माळकरी?" सदू म्हणाला, "ज्येचं हाय त्येचं नाव घ्या, नायतर खाली उतरा." कुंदा तेव्हा परकर-पोलक्यातली. त्या बापाची ही लेक. आणि हिच्या अंगठ्याखाली एका अख्ख्या मुलखाच्या भाषेवर खोटं नाव लागायचं होतं.

ती म्हणाली, "मी पास करणार नाही."

"मावशी, घर कशावर चालतंय तुझं? काकांच्या पाठीचं औषध कशावर?" सुजितचा आवाज एकदम गोड झाला. "तुला कोण काय विचारतंय? तू फक्त कान. कानाला कसलं पाप?"

त्या रात्री ती जेवली नाही. तिने नवऱ्याला सांगितलं, तो छताकडे बघत म्हणाला, "तू ठरव." यात धीर होता की भीती, तिला कळलं नाही.

दोन दिवसांनी बेंगलोरहून निरोप आला, वाचणाऱ्या दोघांना व्हिडिओवर बघायचंय. सुजितने तिथेच पिशवीतून एक टोपी काढली. चौकोनी, हिरवी-काळी, वेलबुट्टीची. "ऑनलाइन मागवली. तिकडचीच आहे. दादा, ही घाला. बोलायचं काही नाही. मॅडम काही म्हणाल्या की मान हलवा. मी सांगेन यांना ऐकायला कमी येतं. आणि तुमचं नाव विचारलं तर यूनुस."

दादांनी टोपी हातात घेतली, उलटीपालटी केली. "यूनुस कोण?"

"तुम्हीच. पाच मिनिटांसाठी."

"असली आदमी आएगा बोला था तुमने."

"दादा, असली-नकली काय घेऊन बसलात? अक्षरं तर वाचलीत ना?"

म्हातारा कुंदाकडे वळला. "भेण, ये क्या बोलता है?"

कुंदाने सगळं सांगितलं. एक शब्द राखला नाही. सुजित मध्ये मध्ये "मावशी, मावशी" करत राहिला. तेवढ्यात पडदा उजळला आणि त्यात बेंगलोरच्या कंपनीच्या प्राची मॅडम दिसल्या, नीट केस बांधलेल्या, गळ्यात ओळखपत्र. भगवान कोपऱ्यात ताठ बसलेला, नवा शर्ट घालून.

"हॅलो सुजितजी. ये हमारे उइगुर स्पीकर हैं?"

"जी मॅडम, यूनुस चाचा. थोडा कम सुनते हैं."

दादा उभे राहिले. टोपी टेबलावर आपटली, फुलदाणी हलली. आणि तो मास्तर, ज्याने चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प केला असेल, तो असा कडाडला की खालच्या मिठाईवाल्याने वर मान करून बघितलं.

"मेरा नाम हासानंद है! मेरी माँ ने रखा है! मैं सिंधी हूँ, उल्हासनगर कॅम्प तीन! मुझे इनकी जुबान का एक लफ्ज नहीं आता. मैंने अंधे की तरह पढ़ा है. सुना? मेरी अपनी जुबान मेरे घर में मर रही है, मेरा पोता उसको उर्दू बोलता है. और उन लोगों के स्कूल बंद हो गए, मैंने अखबार में पढ़ा है. अब मेरे मुँह से उनकी जुबान का मुर्दा निकलवाते हो? मुझे चोर बनाते हो, इस उमर में? फेंको! जो मैंने पढ़ा, सब फेंको!"

कुंदाने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

कुंदाला वाटलं, आता न्याय होईल. मॅडमने खाली कुठेतरी बघितलं, टकटक केलं, आणि म्हणाल्या, "सुजितजी, इंटरनल मॅटर आप देख लीजिए. हमारी तरफ से ऑडियो क्वालिटी ठीक दिख रही है. लिसनर का पास आ जाए तो आज ही क्लोज कर देते हैं."

ऐकलंत? एक म्हातारा माणूस छाती फाडून सांगतोय की हे खोटं आहे, आणि यांना आवाज स्वच्छ आला म्हणून समाधान. मला सांगताना कुंदाने पोळपाटावर मूठ आपटली होती. मीही आपटतो. चोराला निदान भीती तरी असते. या बाईला कसली भीतीच नव्हती, तिला घाई होती.

सुजित कुंदाकडे वळला. पडदा अजून चालू. "मावशी, पास कर. आत्ता. दादांना मी नंतर समजावतो."

कुंदा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. अंगठा लावला. पान उघडलं. दादांची पहिली ओळ, नापास. दुसरी, नापास. का, असं यंत्र विचारायचं, तिथे ती दर वेळी तेच लिहायची: वाचणाऱ्याला ही भाषा येत नाही. सुजित मागे येऊन उभा राहिला. "मावशी, काय करतेस? ए मावशी!" त्याने तिचा हात धरला. तिने हिसका देऊन सोडवला. "हात लावू नकोस. तुझ्या आईच्या शेजारी बसून मी टाळ वाजवलाय. तिला काय तोंड दाखवशील?" ओळीमागून ओळ ती नापास करत गेली. घाई केली नाही. प्रत्येक ओळ आधी ऐकली, मग नापास केली, कारण न ऐकता नापास करणं तिला जमेना. दादा शेवटपर्यंत तिच्या खुर्चीमागे उभे होते.

शेवटची ओळ झाली तेव्हा सुजित म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"आजच चालले," कुंदा म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सत्य जिंकलं, बोला पुंडलिक वरदे. थांबा. कीर्तनकार इथे टाळ्या घेऊन गोष्ट आटोपतो. मला तशी आटोपता येत नाही.

कंपनीची अट आठवते? दोन्ही जोडीने. उइगुरची बाजू रिकामी पडली, म्हणून ओडियाची बाजूही त्यांनी टाकून दिली. भगवानच्या सगळ्या ओळी. चूळ भरून, तोंड धुऊन, चप्पल बाहेर काढून वाचलेल्या. कुंदाने त्यातली प्रत्येक ओळ आनंदाने पास केली होती, पण त्याला काय अर्थ उरला?

रविवारी भगवान हेंद्रेपाड्यात तिच्या दारात उभा राहिला. ती म्हणाली, "या भगवान, बसा, चहा ठेवते." तो बसला नाही.

"मावशी, झूठ उसका था. मेरा क्या झूठ था?"

"तुमचं काहीच खोटं नव्हतं."

"तो मेरा क्यों गया? मैं घर पे बोल दिया था. बेटी को बोला था, फोन में बाबा का आवाज आएगा. अब क्या बोलूँ? बोलूँ, किसी और का भाषा झूठा था, इसलिए तेरे बाबा का भाषा भी फेंक दिया?"

कुंदा म्हणाली, "मला दुसरं काही करता आलं नसतं."

"मालूम है," तो म्हणाला. "वही तो. मालूम है इसलिए और गुस्सा आता है." पाण्याचा पेला तिने पुढे केला होता, तो त्याने घेतला नाही. अंगणातून बाहेर पडताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "दादा को मेरा नमस्ते बोलना. वो सही आदमी है." आणि गेला. पुढच्या महिन्यात त्याने चिखलोलीची खोली सोडली, कुठे सुरतेकडे गेला म्हणतात. सुजितचं ऑफिस चालू आहे. नवीन ऐकणारी पोरगी ठेवली आहे, ती पटापट पास करते.

माझा राग कुणावर आहे, मलाही नीट सांगता येत नाही. सुजितवर आहेच. त्या मॅडमवर त्याहून जास्त. आणि थोडा देवावरही आहे, तो मोठा आहे, सोसेल.

तर श्रोतेहो, उठायच्या आधी एवढं करा. हासानंददादांना आठवायला त्यांचे विद्यार्थी आहेत, कुंदाला आठवायला आपण सगळे आहोत. माझी विनंती त्या तिसऱ्यासाठी आहे. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा मनात भगवान बेहेराला आणा, गंजामचा, एमआयडीसीतला. त्याचं काही चुकलं नव्हतं आणि त्याचंच सगळं गेलं. त्याचा आवाज आपण कुणी जपून ठेवला नाही, निदान माणूस तरी विसरू नका.